कच्ची कडी कोणाची?

संगणक-सुरक्षेवरच्या व्याख्यानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : माणूस हीच साखळीतली कच्ची कडी. संचालक मंडळी माना डोलावतात, विक्रेता पुढच्या चित्राकडे वळतो, आणि ज्या कारकुनाला उद्देशून हे म्हटले गेले तो मात्र त्या सभागृहात नसतो. आम्हांला या वाक्याची चीड येते.

वसई गावात, होळी बाजाराच्या परिसरात उभे राहिले की सहकार म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918 सालची. तिच्या मागोमाग या तालुक्यात पतपेढ्या आणि सोसायट्या रुजल्या. आम्ही येथे कोणा एका संस्थेबद्दल बोलत नाही. पण अशा संस्थांत आज जो खर्च मुकाट मंजूर होतो, तो 'एंडपॉइंट सिक्युरिटी'चा. कल्पना साधी आहे : टेबलावरच्या प्रत्येक संगणकावर एक पहारेकरी बसवायचा आणि साऱ्या पहारेकऱ्यांचे अहवाल मुख्य कार्यालयातल्या एका पडद्यावर गोळा करायचे. कल्पनेशी आमचे भांडण नाही. ती ज्या रीतीने राबवली जाते, तिच्याशी आहे.

रीत अशी. परवाने संगणकांच्या संख्येइतके घेतले जातात. शनिवारी संध्याकाळी मुख्य कार्यालयातून सॉफ्टवेअर सर्व शाखांत एकदम ढकलले जाते. सोमवारी पासबुक छापणारा प्रिंटर बंद पडतो, कारण जुन्या हिशेबप्रणालीचा एखादा भाग पहारेकऱ्याला संशयास्पद वाटलेला असतो. रांग वाढते, ज्येष्ठ नागरिक संतापतात, शाखाधिकारी फोन करतो. मग कोणीतरी ती प्रणाली ज्यात आहे ते अख्खे फोल्डरच तपासणीतून वगळून टाकतो. प्रिंटर सुरू होतो आणि वगळलेले फोल्डर वर्षानुवर्षे तसेच राहते. एखादा संगणक महिनाभर पडद्यावर दिसतच नाही, पण तो पडदा पाहणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. लेखापरीक्षणाच्या कागदावर मात्र 'बसवले : होय'.

आता त्या कारकुनाकडे पाहू. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी, शाळेत मराठीतून शिकलेली एक मुलगी काउंटरवर बसली आहे. समोर रांग आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी पाटी उगवते. काहीतरी रोखले गेले आहे, पुढे काय करायचे ते तिने निवडायचे आहे. ती काय करील? पाटी जाईल असे कोणतेही बटण दाबील. आम्हीही दाबू. तिला कधी कोणी सांगितले, की ही पाटी आली तर हात थांबवायचा आणि अमुक एकाला फोन करायचा? हे सांगायला दहा मिनिटे लागतात आणि एक मराठी कागद लागतो. मराठीत हे मांडता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढीच आठवण : कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी क्विक हील पुण्यातच उभे केले. जे शास्त्र येथे घडवता येते ते येथल्या भाषेत समजावता येत नाही, हे आम्ही मानणार नाही.

बरे, दरवेळी कडी कारकुनाचीच असते काय? ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी 42 लाख रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली आणि 28 देशांतून पैसे काढले. काउंटरवरच्या माणसाला दिसण्याजोगे त्यात काही नव्हते. त्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर-सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. तीत अँटिव्हायरस आहे, तसे कर्मचाऱ्यांचे प्रबोधनही आहे. पहिले विकत मिळते म्हणून ते झाले; दुसऱ्याचे बिल येत नाही म्हणून ते राहिले.

पहारेकऱ्यावर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, हे 19 जुलै 2024 रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्लेखोर कोणी नव्हताच. नवे काही आले की ते आधी दोन-चार संगणकांवर चालवून पाहावे आणि मग पसरवावे, हे शहाणपण पापडाचे पीठ मळणाऱ्या बाईलाही ठाऊक असते : एक पापड तळून बघते, मगच पुढचे लाटते.

वसईचा किल्ला मे 1739 मध्ये पडला तो तट नव्हता म्हणून नव्हे. चिमाजी अप्पांच्या फौजेने बुरुजांखाली सुरुंग लावले म्हणून. उपमा जुनी आहे, मान्य. पण किल्ला हाकेच्या अंतरावर असताना ती टाळणे कठीण.

सहकारी संस्थेत सभासद मालक असतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाचा आकडा ऐकून उठण्यापूर्वी सभासदांनी एवढे विचारावे : तपासणीतून काय काय वगळले आहे, कोणाच्या सहीने आणि कधीपर्यंत? तो मध्यवर्ती पडदा रविवारी कोण पाहतो? आणि काउंटरवरच्या मुलीला धोक्याच्या वेळी ज्याला फोन करायचा, त्याचा नंबर तिच्या टेबलावर मराठीत लिहिलेला आहे काय?