काकूंचा फ्लेवर कोणता?

"मला काय गं, काहीही चालेल. तुम्ही घ्याल त्यातलंच चमचाभर द्या."

आईस्क्रीमच्या दुकानात काचेपलीकडे वीसेक रंगीत ट्रे मांडलेले, काउंटरवरचा मुलगा हातात छोटा चमचा घेऊन उभा, "आंटी, कौनसा?" म्हणून दोनदा विचारून झालेलं, आणि आमच्या मजल्यावरच्या काकू हे वाक्य बोलल्या. वय वर्षं एकाहत्तर. तीन मुलांची लग्नं केली, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, घरात भाजी कोणती आणि पडदे कोणत्या रंगाचे हे त्याच ठरवतात. पण स्वतःला कोणतं आईस्क्रीम आवडतं, हे त्यांना सांगता येईना. लाजत नव्हत्या बरं का. खरोखरच माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं. आम्ही ट्रॉम्बेच्या सहाजणी, गेली अकरा वर्षं भिशी लावतो. दर महिन्याला जिच्या घरी भिशी, तिने साबुदाणा वडे नाहीतर दहीवडे करायचे. म्हणजे बाकीच्या पाचजणी गप्पा मारणार आणि जिची भिशी ती दुपारभर ओट्यापाशी घामाघूम. या मार्चमध्ये एकीने बंडच पुकारलं. म्हणाली, "उन्हाळाभर भिशी बाहेर. दर वेळी वेगळं आईस्क्रीमचं दुकान. प्रत्येकीने वेगळा फ्लेवर घ्यायचा आणि सगळ्यांनी सगळे चाखायचे." नियम दोनच. पैसे आपापले आणि निवडही आपापली. दुसरा नियम पहिल्यापेक्षा जड जाईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

पहिली फेरी ठरली अप्सराच्या शाखेत. आमच्याकडे हे नाव जपूनच घ्यावं लागतं, कारण ट्रॉम्बेत 'अप्सरा' म्हटलं की जुनी माणसं भाभा अणुसंशोधन केंद्राकडे बोट दाखवतात. १९५६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली आपल्या देशातली पहिली अणुभट्टी ती. वाळकेश्वरला १९७१ साली निघालेलं आईस्क्रीमही त्याच नावाचं. काकूंचे मिस्टर केंद्रातून रिटायर झालेले. आम्ही अप्सरात निघालोय म्हटल्यावर त्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "गेटपास काढलेत का?"

तर तिथे काकूंची गाडी अडली. मग त्या मुलानेच युक्ती काढली. चमच्यावर थोडं थोडं काढून एकेक चव पुढे करत गेला. सीताफळ, "बरं आहे". शहाळ्याचं, "छान, पण माझं नाही". 'माझं नाही' हे शब्द ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग पेरू आला. गुलाबी, वर तिखट-मीठ भुरभुरलेलं. काकूंनी चमचा तोंडात ठेवला आणि डोळेच मिटले. म्हणाल्या, "अगं, हे तर शाळेच्या फाटकाबाहेरचं!" पूर्ण कप घेतला, एकटीने संपवला, आणि आम्हाला चाखायला द्यायचं साफ विसरल्या. नियम मोडला म्हणून कुणीही दंड केला नाही.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "काकू, मग इतकी वर्षं काय खात होतात?" तर म्हणाल्या, "मँगो. हे सगळ्यांसाठी मँगोच सांगतात ना."

यात काकांना खलनायक करायचं कारण नाही. भला माणूस आहे. त्यांना कधी कुणी 'मला दुसरं हवं' असं सांगितलंच नाही, तर कळणार कसं? चूक असेल तर आपल्या सगळ्यांच्या जुन्या सवयीची आहे. आपण बायका हॉटेलात मेनूकार्ड आधी नवऱ्याकडे, मग मुलांकडे सरकवतो आणि शेवटी 'यांचं उरेल त्यातलं खाईन' म्हणतो. मुलाने अर्धा टाकलेला कोन वितळून मनगटावर ओघळायला लागला की तो संपवणारी कोण? आपणच. अन्न वाया जाऊ नये हे ठीक आहे, पण आयुष्यभर आपल्या वाट्याला कायम वितळलेलंच का यावं?

माझं माहेर कऱ्हाडचं. लहानपणी मे महिन्यात घरी पॉट आईस्क्रीम व्हायचं. लाकडी पिंपात बर्फ आणि खडेमीठ, मधे दुधाचा डबा, वर फिरवायचा दांडा. मीठ घातल्यावर बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो आणि त्यामुळे दूध घट्ट होतं, हे शास्त्र पुढे शाळेत कळलं. तेव्हा फक्त दांड्यासाठी भांडणं. शेवटी दांडा जड झाला की एखाद्या मोठ्या भावाला पिंपावर गोणपाट घालून बसवायचं. दूध आटवणं, आंब्याचा रस गाळणं, बर्फ फोडणं हे सगळं आईचं. वाटपही आईचंच. सगळ्यांच्या वाट्या भरून झाल्या की ती आतली लाकडी पाती बाहेर काढायची आणि तिला चिकटलेलं बोटाने निपटून खायची. आम्हाला वाटायचं, आईला पातीवरचंच आवडतं. आज ती नाही. तिला कोणतं आवडत होतं, आंब्याचं की सीताफळाचं की साधं वेलचीचं, हे मला सांगता येणार नाही. मी कधी विचारलंच नाही.

म्हणून मला ही भिशी नुसती चैन वाटत नाही. धाकट्या जावेचं मत मात्र वेगळं. "एवढ्या पैशात घरी डझनभर आंबे आले असते," असं ती म्हणाली, आणि तिचं अगदीच खोटं नाही. एप्रिलमध्ये आम्ही चेंबूरच्या एका जेलाटोच्या दुकानात गेलो, तिथे एका वाटीला जे पैसे पडले ते ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. जेलाटो हा इटलीचा प्रकार. त्यात साय कमी आणि हवाही कमी, शिवाय आईस्क्रीमपेक्षा जरा कमी गार ठेवतात. त्यामुळे जीभ बधिर होत नाही आणि चव चटकन कळते. पिस्त्याचा खाल्ला तर खरंच पिस्ता लागला, हिरवा रंग नव्हे. पण तिथल्या पोरीने तिसऱ्या चवीला कपाळावर आठी घातली. दुकानाचं नाव सांगत नाही. मी मात्र चौथी चवही मागितली. का नाही मागायची? साडी घेताना आपण दुकानदाराला पन्नास घड्या उलगडायला लावतो, तिथे नाही लाजत.

आणि चाखायचं ते डोळे उघडे ठेवून. किराणा दुकानातला लिटरचा डबा घ्याल तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'आईस्क्रीम' लिहिलेलं असेल तर नियमाप्रमाणे त्यात किमान १० टक्के दुधाची स्निग्धता हवी. 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर सहसा दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेल आलं. तेही खाण्यायोग्यच असतं, पण दुधाचं समजून घेऊ नका. आणखी एक गंमत. एक लिटर आईस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नको, एवढाच नियम आहे. म्हणजे डब्यात कितीतरी हवा असू शकते, आणि तिचेही पैसे आपणच देतो. दोन डबे हातात घेऊन वजन ताडून बघा, मेथीची जुडी बघतो तसं.

मे महिन्यात आम्ही हद्दच केली. मानखुर्दहून हार्बर लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि बोहरी मोहल्ल्यातलं ताज आईस्क्रीम गाठलं. दुकान १८८७ चं, आणि आईस्क्रीम अजून हाताच्या संच्यावरचं. सीताफळाचा पहिला घास घेतला आणि मला कऱ्हाडचं अंगण दिसलं, याहून जास्त काय सांगू? तिथून चर्चगेटला के. रुस्तम, १९५३ पासूनचं. दोन बिस्किटांमध्ये आईस्क्रीमची जाड लादी घालून देतात, ती रस्त्यावर उभ्यानेच खायची. सहा बायका, सगळ्यांच्या कोपरांपर्यंत ओघळ. आमच्यातल्या एकीला शुगर आहे. तिने दोन घास घेतले, उरलेलं मला दिलं. तिचं गणित तिचं आणि तिच्या डॉक्टरांचं, आम्ही मधे पडलो नाही.

गाडीत विषय निघाला नॅचरल्सचा. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला ते दुकान काढलं. वडील मंगळूरकडच्या मुल्कीचे फळविक्रेते, त्यामुळे फळाची पारख घरातूनच आलेली. सुरुवातीला लोक नुसत्या आईस्क्रीमसाठी येईनात म्हणून त्यांनी जोडीला पावभाजी ठेवली होती! २०२४ च्या मे महिन्यात ते गेले. फणस आणि शहाळं आईस्क्रीमच्या दुकानात मानाने बसवण्यात त्यांचा वाटा मोठा. आता बघा, फणसालाही जागा मिळाली, आणि आमच्या काकू अजून मँगोच्या रांगेत.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बायकांना काय जातंय सांगायला. आमच्या गावात बाई एकटी आईस्क्रीमच्या दुकानात बसली तर चार माना वळतात. वळतात, मान्य. म्हणूनच भिशी हवी. सहाजणी असलं की माना वळतात आणि परत सरळही होतात. आणि दुकानं काय मुंबईतच आहेत? पुण्याला मस्तानी आहे, कोल्हापूरला कॉकटेल आहे, नागपूरचं दिनशॉज तर १९३२ पासूनचं. तुमच्या एसटी स्टँडासमोरच्या कोल्ड्रिंक हाऊसमध्येही चार तरी चवी असतीलच. महागडंच हवं असंही नाही. जूनची आमची भिशी ट्रॉम्बेतच झाली, कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मटक्यातल्या कुल्फीवर. शेजारी चीता कॅम्पमधल्या दोघी कामावरून परतताना थांबल्या होत्या. एक म्हणाली "मलई", दुसरी म्हणाली "नको, मला पिस्ताच." पैसे मोजून दिले, काडी धरली आणि चालायला लागल्या. त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी माझा मोबाइल वाजला. काकूंचे मिस्टर.

"अगं, मी दुकानात उभा आहे. फॅमिली पॅक घ्यायचा होता. हिला फोन लावतोय तर उचलत नाही. कोणता आणू गं?"

पेरू अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण मी म्हटलं, "काका, मला काय माहीत? थांबा, मी त्यांचं दार वाजवते आणि त्यांनाच फोन करायला सांगते."