कागदावरची विमाने आणि तुटलेली साखळी

देशाच्या विमानविद्येचे मोजमाप त्याने आकाशात उडवलेल्या विमानांवरून करण्याची रूढी आहे. जी विमाने आरेखनाच्या फलकावरून खाली उतरलीच नाहीत, त्यांचा खर्च वाया गेला असे समजून हिशेबनीस रेघ ओढून मोकळे होतात. वस्तुतः लढाऊ जेट विमानांच्या इतिहासातील कित्येक महत्त्वाची पाने अशा न बांधलेल्या विमानांनीच लिहिली आहेत. आराखडा कागदावर राहिला म्हणून मरत नाही. तो मरतो तेव्हा, जेव्हा त्यामागील माणसे पांगतात आणि त्यांना धरून ठेवणारी संस्था उरत नाही. भारताच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतील फोक-वुल्फ कारखान्यात कुर्ट टँक यांच्या हाताखाली हान्स मुल्टहॉप यांनी 'टीए-१८३' या एक इंजिनाच्या जेट विमानाचा आराखडा केला. त्याचे पंख मागे कललेले होते. ध्वनीच्या वेगाजवळ पोचताना हवेचा विरोध एकाएकी वाढतो. पंख मागे कलवल्यास ती वाढ पुढे ढकलता येते. हा सिद्धान्त आडोल्फ बुझेमान यांनी १९३५ साली रोम येथील परिषदेत मांडला होता. तेथे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जर्मनीत मात्र त्यावर चिकाटीने प्रयोग झाले. टीए-१८३ च्या नमुन्यांची वायुबोगद्यात परीक्षा झाली, परंतु १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश फौजा येऊन ठेपल्या तेव्हा एकही विमान उभे राहिलेले नव्हते. ही विद्या निष्कलंक नव्हती, हेही येथेच नोंदवले पाहिजे. ज्या राजवटीसाठी ती राबली, त्या राजवटीचे कारखाने वेठबिगार कामगारांच्या घामावर चालत होते.

विजेत्यांनी या विद्येची वाटणी केली. मेसरश्मिट कारखान्याचे 'पी-११०१' हे अर्धवट बांधलेले विमान अमेरिकन सैन्याच्या हाती लागले. त्याच्या पंखांचा कल जमिनीवर असताना बदलता येईल अशी योजना होती. बेल कंपनीच्या अभियंत्यांनी ती पुढे नेली आणि उडता उडता पंखांचा कल बदलणारे 'एक्स-५' हे विमान १९५१ साली उडवले. पुढील काळातील एफ-१११ सारख्या विमानांची वाट तेथून निघते. स्वीडनने जर्मन संशोधनाची माहिती मिळवून आपल्या साब-२९ विमानाचे सरळ पंख मागे कलवले.

सोव्हिएत मिग-१५ हे तर टीए-१८३ चीच नक्कल होय, असे पुष्कळदा लिहिले गेले. सोव्हिएत अभियंत्यांनी ते नेहमीच नाकारले. जर्मन संशोधनाचा उपयोग त्यांनाही झाला, परंतु केवळ बाह्य साम्यावरून वारसा ठरत नाही. मिगच्या यशाचे खरे रहस्य त्याच्या पोटात होते. १९४६ साली ब्रिटनमधील ॲटली यांच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइसचे 'नीन' इंजिन सोव्हिएत संघाला विकण्यास संमती दिली. सोव्हिएत अभियंत्यांनी ते सुटे केले, परवान्याची वाट न पाहता त्याची नक्कल केली आणि पुढे सुधारून आपलेसे केले.

तेच इंजिन दुसऱ्या एका देशात गेले, तेथे मात्र वेगळे घडले. कुर्ट टँक १९४७ साली बनावट नावाने अर्जेंटिनात पोचले. टीए-१८३ ची मूळ कल्पना घेऊन त्यांनी कॉर्दोबा येथे 'पुल्की-२' हे विमान घडवले. आधी इंजिनरहित ग्लायडर, मग विमान, असा त्यांचा क्रम होता. १९५० साली ते नीन इंजिनावर उडाले. विमान वेगवान होते, परंतु इंजिन विकत घेतलेले होते, अपघातांत चाचणी-वैमानिकांचे बळी गेले, तिजोरी आटत गेली. आणि १९५५ साली पेरॉन यांची सत्ता उलथताच टँक यांचे पथक पांगले. हातात राहिले मोजके नमुने. १९६० साली अर्जेंटिनाने अमेरिकन सेबर विमाने घेतली.

१९५६ साली टँक आपल्या काही सहकाऱ्यांसह बंगळूरला, हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. ते ओसाड जमिनीवर आले नव्हते. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली स्थापलेल्या या कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' हे प्रशिक्षण-विमान १९५१ सालीच उडवले होते. घाटगे यांचे संशोधन-शिक्षण गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली झाले होते. म्हणजे ज्या ज्ञानपरंपरेतून कललेले पंख आले, तिची एक शाखा टँक यांच्या आधीच येथे रुजली होती. याही वेळी प्रथम लाकडी ग्लायडर बांधले गेले. १९५९ साली ते डाकोटा विमानाने ओढून आकाशात नेऊन सोडले जाई. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी एचएफ-२४ 'मारुत' उडवले. त्याचा बाह्याकार टीए-१८३ सारखा नव्हता. वारसा आला होता तो कार्यपद्धतीचा.

मारुतची कल्पना ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी होती. त्यासाठी हवे असलेले अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन ब्रिटनमध्ये पैशाअभावी पूर्णत्वास गेले नाही आणि भारतानेही त्याच्या विकासाचा खर्च उचलण्याचे नाकारले. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयत्न झाला. तोही १९६९ साली संपला. आफ्टरबर्नर बसवलेल्या मारुतच्या अपघातात १९७० साली दास यांनाच प्राण गमवावे लागले. अशक्त इंजिनावरही या विमानाने १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंध आघाडीवर चोख काम बजावले. एकंदर १४७ मारुत बांधली गेली.

पुढचा आराखडा, 'एचएफ-७३', १९७० च्या दशकात कागदावरच राहिला. त्याचे दुर्दैव न बांधले जाण्यात नव्हते, निःसंतान राहण्यात होते. १९७८ साली जग्वार विमाने परदेशातून घेण्याचे ठरले. मारुत घडवताना तयार झालेली अभियंत्यांची पिढी एकाच जागी राहून दुसऱ्या पिढीला शिकवू शकली असती, तो काळ रिकामा गेला. १९८३ साली हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा पुष्कळसे पुन्हा पहिल्यापासून उभारावे लागले. तेजस उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी, मारुतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. आणि इंजिनाची गाठ तेव्हाही सुटली नव्हती. देशी 'कावेरी' इंजिन २००८ साली तेजसपासून वेगळे करण्यात आले. तेजस मार्क-१ए साठी २०२१ साली मागवलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले.

शस्त्रांवरचा पैसा शाळांवर आणि दवाखान्यांवर खर्च व्हावा, असे मानणारे येथे विचारतील की, या हळहळीचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. परंतु एचएफ-७३ कागदावर राहिले म्हणून तो पैसा शाळांकडे वळला नाही; तो परदेशी कारखान्यांकडे गेला. गरीब देशाने खर्च तर केलाच, वर विद्याही घरी ठेवली नाही. आयात केलेले विमान काही दशकांनी मोडीत निघते. ते घडवताना धातुशास्त्रज्ञ, कुशल कामगार आणि गणिती जे शिकतात, ते मात्र शांततेच्या कामालाही येते.

२०२४ च्या मार्चमध्ये पाचव्या पिढीच्या 'ॲम्का' विमानाच्या विकासाला केंद्र सरकारने मान्यता दिली. उत्सव करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. इंजिनाचे ज्ञान केवळ जुळणीपुरते मिळणार की मुळापासून? सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली विद्या सार्वजनिक मालकीची राहणार काय? आणि हे विमान फलकावरच असताना त्यापुढचा आराखडा कोणती तरुण माणसे करीत आहेत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची समाधानकारक उत्तरेही फार काळ पुरणार नाहीत. मारुतने शिकवलेला धडा हाच आहे, आणि त्याची किंमत या देशाने एकदा चुकती केली आहे.