वाळवंटातील समता आणि गावाची वेस

ज्येष्ठ वद्य पक्षात देहू-आळंदीहून पालख्या निघतात आणि आषाढी एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी भरून जाते. सुमारे २५० किलोमीटरची ही वाट चालणाऱ्यांत कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांचा भरणा मोठा असतो. कोणाची पेरणी उरकलेली असते, कोणाची पावसाअभावी खोळंबलेली असते. उधारउसनवारीचा हिशेब घरी वाट पाहत असतो. तरीही ही माणसे चालतात. धर्म समाजजीवनाला कसा आकार देतो, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वी या वाटेवर शोधणे अधिक श्रेयस्कर ठरावे.

वारकरी पंथाने महाराष्ट्राला काय दिले, याची मोजदाद भाषेपासूनच करावी लागते. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणले, आणि ज्ञानाचा अधिकार जन्मावर अवलंबून राहण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले. ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेवांनी जग हे मिथ्या नसून चैतन्याचा विलास आहे, अशी भूमिका घेतली. ही केवळ पंडितांच्या वादातील खूण नव्हे. जग खरे असेल तर जगातले कामही खरे ठरते. सावता माळ्याचा मळा, गोरोबांची माती, नरहरी सोनाराची बागेसरी, जनाबाईचे जाते ही मराठी भक्तिकाव्याची सामग्री झाली, ती या दृष्टीला साजेशीच होती. श्रमाची हत्यारे काव्यात इतक्या सन्मानाने क्वचितच आली असतील.

कलेचा प्रवाहही येथूनच वाहिला. कीर्तन आणि भजन यांनी निरक्षर समाजाला शब्द, ताल व स्वर यांचे शिक्षण दिले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा बोलपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला; पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’ने देवळातला अभंग मैफलीत नेला. दैनंदिन जीवनातील परिणाम त्याहून खोल आहे. वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात आणि वयाचा विचार न करता परस्परांच्या पाया पडतात. गळ्यात तुळशीची माळ पडल्यावर ज्या घरातील दारू सुटते, त्या घरच्या गृहिणीच्या दृष्टीने ती जमाखर्चातील सर्वांत मोठी घटना असते.

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. वाळवंटात दिसणारी समता गावाच्या वेशीशी का थबकते?

चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून मरण पावले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. जिवंतपणी जेथपर्यंत जाता आले, तेथेच त्यांना विसावा मिळाला. अस्पृश्यांसाठी मंदिराचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या समाजाला चोखोबांच्या माणसांसाठी दार उघडण्यास सहाशे वर्षे लागली. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आणखी एक दृश्य टिपले आहे: एकाच वाटेने भजन करीत चालणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातींनी वेगळी बसत होती.

याचे कारण केवळ मनाच्या कोतेपणात शोधणे पुरेसे नाही. गावगाड्यात कोणी कोणते काम करावे आणि खळ्यावरून त्याला किती धान्य मिळावे, हे जात ठरवीत असे. भक्तीने माणसाचा मान वाढवला, पण त्याचे बलुते किंवा त्याची जमीन यांना हात लावला नाही. खुद्द पंढरपुरात देवाची सेवा हे वंशपरंपरागत उत्पन्नाचे साधन होते. बडवे-उत्पातांचे हक्क रद्द करणारा कायदा १९७३ साली झाला. न्यायालयीन वाद मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. त्यानंतर मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या व्यक्तींकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. अभंगांना शतकानुशतके जे साधले नाही ते कायद्याने चार दशकांत साधले, कारण कायद्याने उत्पन्नाला हात घातला.

संतांनी देवापुढील समता सांगितली, माणसामाणसांतील व्यवहार बदलण्याची चळवळ केली नाही, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावयास हवा. तो घेणारे आंबेडकर चोखामेळ्यांना विसरले नव्हते. १९४८ सालचा अस्पृश्यतेविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. आदर आणि परखड हिशेब एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

आणि परंपरेतही असा हिशेब मांडणारा एक प्रसंग आहेच. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकारामांचे घर उद्ध्वस्त केले. त्यांची सावकारी व दुकानदारी होती. परंपरा सांगते की भावाच्या वाटणीची कर्जखते त्याच्या हाती देऊन आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत सोडली. कुळांना उपदेश करणे सोपे होते; त्यांनी येणे सोडले. धर्म वहीखात्यापर्यंत पोहोचला तो त्या दिवशी.

आज वारीला सोयी देण्यासाठी शासन व दाते पुढे येतात, हे योग्यच आहे. पण दिंडी परतते त्या गावात काय घडते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. अनेक गावांत स्मशानभूमी अजूनही जातवार वेगळ्या आहेत. हरिनाम सप्ताहाची पंगत सर्वांसाठी असते, पण स्वयंपाकाला कोणाचे हात चालतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कीर्तनकार आणि दिंडीप्रमुख यांच्या शब्दाला गावात जे वजन आहे ते ग्रामपंचायतीच्या ठरावाला नाही. त्यांनी वारीहून परतल्यावर आपल्या गावात एकच स्मशानभूमी आणि सप्ताहाची एकच चूल एवढे दोन आग्रह धरावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही व अनुदानही लागत नाही. काहींना आपला मान तेवढा सोडावा लागेल. तुकारामांनी तर येणे सोडले होते.