शोकेसमधली ‘बेल्जियमची’ काच

घाटकोपर-अंधेरीकडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की दादीची शोकेस रिकामी करायची वेळ येते. गुलाबदाणी, इत्रदान, शीरखुर्म्याच्या वाट्या, लाल फुलदाणी खाली उतरते आणि कोणीतरी म्हणतेच, “हे सगळं बेल्जियमचं!” मुंबईत प्रत्येक देखणी काच बेल्जियमचीच असते. मग भंगारवाला ती मातीमोल भावाने नेतो, नाहीतर चोरबाजारात तिचीच मोठी किंमत सांगतात. तरक्यात वस्तूची किंमत चुकली की कोणा बहिणीचा हिस्सा कमी पडतो, म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला.

देश कोणता, हे नंतर. नक्षी कशी केली, ते आधी पाहावे. चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा गोलसर असतात आणि बाजूला बहुधा साच्याच्या जोडाची बारीक रेघ सापडते.

लाल फुलदाणी खिडकीशी धरा आणि जिथे नक्षी कापली आहे तिथे पाहा. पारदर्शक काचेवर लाल काचेचा थर चढवून मग कापली असेल, तर चराच्या उतारावर त्या थराची जाडी दिसते. नुसता रंगाचा हात देऊन भट्टीत पक्का केला असेल, तर जाडी दिसतच नाही. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, दोन्ही प्रकार होत. दुसऱ्याला कोणी ‘नकली’ म्हटले तर ऐकू नये. तो स्वस्त प्रकार होता, इतकेच.

रंगीत फुलांसाठी साधे बहिर्वक्र भिंग पुरते. कुंचल्याने काढून भाजलेला मिना बोटाला किंचित उंच लागतो. भिंगाखाली सारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापील चित्र चिकटवून भाजलेले आहे.

तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक असलेल्या फुलदाण्यांनी तर भलेभले फसतात. तापलेल्या काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारला की ही झाक येते. युरोपात आणि अमेरिकेत असा माल पुष्कळ निघाला, पण आपल्या फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनेही तो काढला. काहींच्या बुडाशी रोमन लिपीत ‘जैन’ ही अक्षरे साच्यातच उठवलेली असतात. ‘बेल्जियम’ उलटी करून पाहा, उत्तर प्रदेश निघेल! परदेशी संग्राहक हल्ली याही वस्तू शोधतात, तेव्हा हिरमुसू नये.

बुडाशी ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वस्तू 1918 नंतरची. त्याआधी तो देशच नव्हता.

सोनेरी पट्टी घासणीने घासू नये, कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. वाटणीच्या यादीत ‘बेल्जियमचा सेट’ असे न लिहिता ‘साच्यातले सहा पेले, सोनेरी पट्टी, एकाची कड उडालेली’ असे लिहावे. विकताना गिऱ्हाइकालाही ती उडालेली कड दाखवावी.