प्रार्थनेला माणसे हवी आहेत



दिवाळी उलटली की आपल्या मंडळीतली एक छोटी तुकडी नेपाळला निघेल. तीत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे आणि पडेल ते काम करायला तयार असलेली तरुण संघाची मुले आहेत. डोंगरातल्या एका दवाखान्याने बोलावले म्हणून आपण जात आहोत. भाड्याचे पैसे जमले आहेत, तेव्हा या आवाहनात पैसे मागितलेले नाहीत. मागायची आहे ती प्रार्थना, आणि ती पैशापेक्षा महाग पडणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ असे आपण चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणतो आणि समोरचाही ‘हो, हो, नक्की’ म्हणत स्कूटर सुरू करतो. त्या जातीची प्रार्थना इथे उपयोगाची नाही. कोणत्या जातीची हवी, ते नेपाळच्याच इतिहासातून सांगणे बरे.

१९५१ पर्यंत नेपाळात राजा नावापुरता होता, राजवट राणा घराण्यातल्या पंतप्रधानांची होती आणि परदेशी माणसाला तो देश जवळजवळ बंद होता. सीमेच्या अलीकडे, आजच्या उत्तर प्रदेशात, नौतनवा नावाचे गाव आहे. रेल्वेचा फाटा तिथे संपतो आणि समोर नेपाळची तराई सुरू होते. या गावातल्या मिशन दवाखान्यात १९३०च्या दशकात डॉ. लिली ओहॅनलन आणि हिल्डा स्टील या दोघी आल्या. त्यांना जायचे होते नेपाळात, पण परवानगी नव्हती. मग त्यांनी काय केले? डोंगरातून उतरून येणाऱ्या नेपाळी आजाऱ्यांवर औषधोपचार केले, त्यांच्याशी बोलून बोलून नेपाळी भाषा शिकल्या, आणि पलीकडचे दार उघडावे म्हणून प्रार्थना केली. हे वर्षानुवर्षे चालले. मध्ये महायुद्ध येऊन गेले, भारत स्वतंत्र झाला, तरी दार बंदच.

नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रयाला गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत राणांची सत्ता संपली. १९५२च्या अखेरीस या दोघी आपल्या सोबतिणींसह सीमेवरून चालत चालत पोखऱ्याला पोचल्या. तिथे त्यांनी धातूच्या पत्र्यांच्या झोपड्यांत दवाखाना थाटला. उन्हात ते पत्रे लांबून चमकत, म्हणून त्याचे नाव पडले ‘शायनिंग हॉस्पिटल’. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच कामातून कुष्ठरोग्यांसाठी ‘ग्रीन पाश्चर्स’ हे रुग्णालय उभे राहिले.

आता कोणी विचारील, राणांची सत्ता काय या बायकांच्या प्रार्थनेने गेली? इतिहासकार नेपाळी काँग्रेसच्या लढ्याचे नाव घेईल, दिल्लीच्या मुत्सद्देगिरीचे घेईल, आणि त्याचे काही चुकणार नाही. आपण त्याच्याशी भांडायला जाऊ नये. माझे म्हणणे एवढेच की दार उघडले तेव्हा उंबऱ्याशी भाषा येणारी, रोग ओळखणारी, त्या माणसांच्या चालीरीती ठाऊक असलेली माणसे उभी होती. ती तशी तयार झाली याला कारण त्यांची प्रार्थना. ज्या लोकांसाठी रोज गुडघे टेकायचे, त्यांची भाषा शिकल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. प्रार्थनेचे सामर्थ्य मी मानतो ते असे. आकाशातून दार उघडते की नाही यावर वाद घालता येईल. प्रार्थना करणारा बदलतो, यावर वाद नाही.

पौलाने तुरुंगातून कलस्सैकरांना पत्र लिहिले तेव्हा प्रार्थना मागितली ती दार उघडावे म्हणून, आणि बोलायचे ते नीट बोलता यावे म्हणून. हातातल्या बेड्या सुटाव्यात अशी विनंती त्यात नाही. आपल्या प्रार्थनासभांत आजकाल व्हिसा, नोकरी, बंगला यांची यादी वाचली जाते. गरजा खऱ्या असतात, देवापुढे मांडाव्यातही. पण यादी तिथेच संपू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मंडळीत काहींचा गैरसमज आहे. नेपाळात आपण धर्मप्रचाराला जात नाही. तिथल्या २०१५च्या संविधानात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. पुढे आलेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवणी आहे. हा कायदा आपल्याला आवडो न आवडो, आपण पाहुणे आहोत. पाहुण्याच्या उत्साहाची किंमत यजमानाला मोजावी लागते: आपण आठ-पंधरा दिवसांत परत येऊ, पण पोलिसांच्या फेऱ्या सुरू होतील त्या तिथल्या पाळकाच्या घरी. म्हणून पत्रके न्यायची नाहीत, आजाऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून मोबाइलवर चित्रण करायचे नाही, औषधाच्या बदल्यात कुणाकडून काही वदवून घ्यायचे नाही. ते कायद्याने चालत असते तरी आपण केले नसते. जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि कोणी विचारले तर खरे ते सांगायचे. ज्यांना फेवा तलाव आणि पशुपतिनाथ पाहायचे आहेत त्यांच्यासाठी चांगल्या टूर कंपन्या आहेत. त्यांनी खुशाल त्यांच्याबरोबर जावे.

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथल्या मंडळ्या उपासनेला शनिवारी जमतात. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारच्या बाराला काही मिनिटे कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो शनिवारच होता. जवळपास नऊ हजार माणसे गेली. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुले वाचली, आणि उपासना चालू होती म्हणून काही ख्रिस्ती लोक देवळातच दगावले. सुट्टीच्या एकाच दिवसाचे हे दोन परिणाम. याचा अर्थ लावण्याच्या भरीस पडू नका. तिथल्या विश्वासणाऱ्यांनी तो लावला नाही. पुढच्या शनिवारी ते तंबूत आणि उघड्यावर जमले.

प्रार्थना म्हणजे विमा नव्हे, हे आपल्या मराठी मंडळीला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १८०६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी आशियातल्या लोकांसाठी प्रार्थना केली. त्या पाचांपैकी कोणीही मराठी मुलखात काम केले नाही. पण त्या प्रार्थनेतून १८१०चे अमेरिकन बोर्ड हे मिशन मंडळ निघाले, आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले. कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला, तरी ते चिकाटीने राहिले. हॉल मराठी शिकले, मराठीतून बोलले, मराठीतून लिहिले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने त्यांचा अंत झाला. त्याच पहिल्या तुकडीतली हॅरिएट न्यूवेल तर इथवर पोचलीही नाही. कंपनीने कलकत्त्यात राहू दिले नाही, वाटेत तान्ही मुलगी गेली, आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला ती स्वतः वारली. वय एकोणीस. तिच्यासाठी घरी प्रार्थना होत नव्हती असे थोडेच आहे? तरीही पुढे अहमदनगरला काम उभे राहिले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि आज आपण मराठीतून उपासना करतो. आपण कुणाच्या तरी प्रार्थनेचे देणेकरी आहोत. हे देणे अमेरिकेला परत पाठवायचे नसते. पुढच्याला द्यायचे असते.

पुढचा तर आपल्या दारातच आहे. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत हंगामभर राखण करणारी माणसे कुठली आहेत? नेपाळची. आंब्याच्या हंगामाला येतात, बागेतल्या खोपटात राहतात, रात्रभर वानरे आणि चोर यांच्यावर नजर ठेवतात आणि पावसाआधी गावी जातात. आपल्या मंडळीत बागायतदार आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या राखणदाराचे पूर्ण नाव ठाऊक आहे? सगळ्यांना आपण ‘बहादूर’ म्हणून मोकळे होतो. शहरात सोसायटीच्या फाटकाशी आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यातही तेच. नेपाळसाठी प्रार्थना करायला बसणाऱ्याने आधी या माणसाचे नाव, जिल्हा आणि घरी कोण कोण आहे ते विचारून यावे. त्याला तापात औषध मिळते का, मजुरी वेळेवर मिळते का, हेही पाहावे. ज्याने राखणदाराची मजुरी अडकवली आहे, त्याने कृपा करून नेपाळच्या प्रार्थनासाखळीत नाव देऊ नये. आधी मजुरी द्यावी, मग बसावे.

आता व्यवहाराचे. तुकडी मुंबईहून गोरखपूरच्या गाडीने जाईल, पुढे सोनौलीला सीमा ओलांडेल. वाटेवरच नौतनवा आहे. तिथे थांबून प्रार्थना करण्याचा बेत आहे. डॉक्टरांनी नेपाळच्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय कुणालाही तपासायचे नाही, हे ठरलेले आहे. औषधे इथून न्यायची नाहीत. दवाखाना सांगेल ती तिथेच विकत घेऊ. जुने कपडे आणून देऊ नका. गेल्या वेळच्या पूरग्रस्त मदतीतल्या कपड्यांच्या गाठोड्यांनी आपली रविवारच्या शाळेची खोली अजून अडलेली आहे.

प्रार्थनासाखळीची पद्धत अशी. तुकडी निघाल्यापासून परत येईपर्यंत पहाटे पाच ते रात्री दहा या वेळातला प्रत्येक तास कुणीतरी घ्यायचा आहे. साखळीची कल्पना आपली नव्हे. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीने १७२७ मध्ये ती सुरू केली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालवली. त्याच मंडळीतून १७३२ मध्ये एक कुंभार आणि एक सुतार वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे सेवेला गेले. आपल्याला शंभर वर्षे नकोत, काही दिवस हवेत.

तास घेणाऱ्याला एक कागद मिळेल. त्यावर तुकडीतल्या प्रत्येकाचे नाव आणि काम असेल, यजमान दवाखान्याच्या अडचणी असतील आणि रोजचा कार्यक्रम असेल. आजाऱ्यांची नावे नसतील. ती देवाला ठाऊक आहेत आणि बाकी कुणाला कळण्याचे कारण नाही. शनिवारी सकाळी मात्र सगळ्यांनी चर्चमध्ये यायचे आहे, म्हणजे तिथली मंडळी बसेल तेव्हा आपणही बसलेले असू. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे आहे, म्हणून त्यांच्या दहाच्या उपासनेसाठी पावणेदहाला हजर राहा.

ज्यांना अंथरुणावरून उठवत नाही अशा वडीलधाऱ्यांनी हे वाचून मन खट्टू करू नये. पहाटेचे तास त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहेत, कारण त्या वेळी जागे कोण असते हे आम्हाला चांगले माहीत आहे. लहान मुलांना दुपारची अर्धी अर्धी घटका द्या. ज्यांना प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत त्यांनी कागद वाचावा आणि गप्प बसावे, चालते. महिला मंडळाच्या भगिनींनी स्वयंपाकाच्या वेळेतला तास घेऊ नये. तो पुरुषांनी घ्यावा, किंवा त्या तासापुरता स्वयंपाक पुरुषांनी करावा.

तासांचा तक्ता येत्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात लावला जाईल आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी उतरवला जाईल. पाळकसाहेब आणि सेवा समिती यांनी ठरवले आहे की तक्त्यातले तास भरले नाहीत, तर जितके तास रिकामे राहतील त्या मानाने तुकडीतली माणसे कमी केली जातील.