एक भ्रूण की तीन? हा आकडा ठरवतो कोण?

१/ किन्हीराजासारख्या वाशिम जिल्ह्यातील गावातून आयव्हीएफसाठी अकोला वा नागपूर गाठणाऱ्या जोडप्यापुढे एक प्रश्न येतोच : गर्भाशयात भ्रूण किती सोडायचे? ‘दोन-तीन सोडा, एक तरी रुजेल, जुळे झाले तर एकाच खर्चात संसार पूर्ण.’ हा हिशेब शहाणपणाचा मानला जातो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी एकाच भ्रूणातून वाढली होती. पुढे औषधांमुळे एकाच वेळी अनेक बीजे मिळू लागली. त्यांतले कोणते भ्रूण रुजेल हे कळत नव्हते, उरलेले टिकवणेही अवघड होते. म्हणून आकडा वाढला. त्या काळापुरते ते समर्थनीय होते.

३/ उरलेले टिकवण्याची वाट मात्र भारतातच निघाली होती. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी गोठवलेल्या भ्रूणाची होती. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह यश मिळवणारे टी. सी. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये मुखर्जींची कागदपत्रे पाहून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. (असा मोठेपणा विरळाच.)

४/ भ्रूण गोठवता येत असेल तर घाई कशाला? ३६ वर्षांखालील ६६१ स्त्रियांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. एकदम दोन भ्रूण सोडल्यास ४२.९ टक्के स्त्रियांना अपत्य झाले. आधी एक व तो न रुजल्यास गोठवलेला दुसरा सोडल्यास ३८.८ टक्के. जुळ्यांचे प्रमाण मात्र ३३.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

५/ बेल्जियमने २००३ मध्ये भ्रूणांवर मर्यादा घातली आणि बदल्यात सहा वेळच्या उपचारांचा भार उचलला. आपल्याकडे आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा तीनची. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत मात्र एकच भ्रूण, विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. म्हणजे ‘एक’ हे सूत्र शासनाला ठाऊक आहे.

६/ ‘जोडपीच दोन मागतात,’ हा नेहमीचा बचाव. मागणारच! शेत गहाण टाकून एकदाच उपचार परवडणारा माणूस दुसऱ्या खेपेच्या भरवशावर कसा थांबेल? बेल्जियममधील स्त्रीचा संयम स्वभावातून येत नाही, सरकारी तिजोरीतून येतो. इथे उपचाराचे पैसे खासगी रुग्णालयात जातात आणि अपुऱ्या दिवसांची जुळी अनेकदा सरकारी दवाखान्याच्या काचेच्या पेटीत येतात. त्या पेटीवर खर्च होतोच. त्याआधी गोठवलेल्या दुसऱ्या भ्रूणाच्या रोपणाचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घ्या, आणि मग किन्हीराजाच्या जोडप्याला विचारा, किती सोडायचे.