इंजिन 'गेलं' म्हणण्याआधी मोजा तरी!



आज अंजिराचं नाही, जीपचं लिहितोय. गेल्या आठवड्यात गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट आवाज ऐकला, ब्रीदरमधला धूर बघितला आणि निकाल दिला, "दादा, इंजिन गेलं. काढून टाका हे पेट्रोल. जुन्या बाजारातनं डीआय आणू, आठ दिवसांत फिरायला लागंल." तिथं चहा पीत बसलेल्या चौघांनी मान डोलावली. धाकट्या भावानं पण!

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डॉक्टर नाडी न बघता पाय कापा म्हणाला तर आपण ऐकू का? मग गाडीच्या बाबतीत का ऐकतो?

आमची जीप १९६९ च्या नोंदणीची. आप्पांनी १९८४ ला सेकंडहँड घेतली. उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी, आत विलीजचं हरिकेन इंजिन. हे बॉनेट उंच दिसतं ते शोभेसाठी नाही. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळं इंजिनच उंच झालं. २.२ लिटर, चार सिलिंडर. बोअर ७९ मिलिमीटर, स्ट्रोक १११. पिस्टनचा प्रवास एवढा लांब, म्हणून पळायला मंद, पण कमी आरपीएमला चिखलातनं ओढायला तयार. शेतकऱ्याला दुसरं काय पाहिजे?

मिस्त्रीला म्हटलं, आधी कॉम्प्रेशन गेज लाव. कुरकुरत लावला. पहिला सिलिंडर ११०, दुसरा १०५, तिसरा ७०, चौथा ७५. मग प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. चौथा ७५ वरनं १०५ वर गेला, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेत. तिसरा ७० वरनं हललाच नाही, म्हणजे तिथं व्हॉल्व्ह बसत नाही. खोललं तर तसंच निघालं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. ब्लॉकला तडा नाही. बोअर अजून एकदा मारता येतो, क्रँक अजून एकदा घासता येतो. याला 'गेलं' म्हणतात? याला झिजलं म्हणतात. पंचावन्न वर्षांत माणूसही झिजतो.

आता डीआयवाल्यांचं म्हणणं घेऊ. त्यांचंही सगळं खोटं नाही.

पहिला मुद्दा, पेट्रोल परवडत नाही. बरोबर, ही जीप लिटरला सातच्या वर जात नाही. पण हिशोब पुरा करा. माझी गाडी वर्षाला २,००० किलोमीटर फिरते. सातच्या ॲव्हरेजने २८५ लिटर, १०५ चा भाव धरला तर ३०,००० रुपये. डिझेल टाकून बाराचं ॲव्हरेज मिळालं तर १६७ लिटर, ९२ च्या भावाने साधारण १५,३००. वाचले १४,७००. इंजिन बांधायचा मला मिळालेला अंदाज ८५,००० चा. डीआयचा, म्हणजे इंजिन, ॲडॅप्टर प्लेट, माउंटिंग, रेडिएटर आणि मजुरी धरून, १,६०,०००. फरक ७५,००० चा. तो भरून निघायलाच पाच वर्षं. आणि जुन्या बाजारातलं इंजिन पाच वर्षं हात लावू देणार नाही याची हमी कोण देतो? ज्याची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर पळते त्यानं वेगळा हिशोब मांडावा, माझी हरकत नाही. पण मांडावा तरी!

दुसरा मुद्दा, डिझेलला ताकद जास्त. असेल. पण ती ताकद घेणार कोण? मागचा तीन गिअरचा बॉक्स आणि एक्सल पेट्रोलच्या हिशोबाने बनलेत. डिझेल वजनानं जड, धक्का मोठा, थरथर जास्त. पुढचे पाटे बसतात, माउंटिंगपाशी चॅसीला चिरा जातात. आणि ब्रेक? चारी चाकांना जुने ड्रम. सीताफळाचे क्रेट भरून दिवे घाट उतरताना मला जास्त ताकद नको असते, थांबणारी गाडी हवी असते. इंजिन बदला म्हणणारा एकही जण ब्रेकबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मला खटकतं.

तिसरा मुद्दा, आणि इथं लोक हसण्यावारी नेतात, तो कागदाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा बदल मालकानं करायचा नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हे उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. आरसीवर पेट्रोल आणि टाकीत डिझेल अशा गाड्या आपल्याकडं ढिगानं फिरतात, मान्य. पण उद्या घाटात कुणाला धडक बसली तर विमावाला पहिला इंजिन नंबर बघणार. तेव्हा "सगळेच करतात" हे उत्तर कामाला येत नाही. वावर विकायची वेळ येते.

अजून एक. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. मला ती पाटी आज नको, कारण ती लावली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, आणि माझी जीप कामाची आहे. पण उद्या पोराला वाटलं तर? डीआय टाकला की ती वाट मी आजच बंद केली.

मग इंजिन कधीच बदलू नये का? तसं नाही. ब्लॉकला तडा असेल, रॉड तुटून ब्लॉक फोडला असेल, क्रँक शेवटच्या मापाच्याही खाली गेला असेल, तर हट्ट सोडा. पण तेव्हाही आधी त्याच जातीचं इंजिन शोधा, बिल घ्या, मंजुरी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवा.

आणि बांधायचं ठरवलं तर डोळे मिटून गॅरेजला सोडू नका. बोरिंगवाल्याकडं स्वतः जा. आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर मारून घ्या, उलटं नको. एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवा. २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलंय आणि जुन्या मऊ सीटचा आधारही त्याबरोबर गेला. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कारण आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा गंज काढून धुऊन घ्या, नाहीतर नवं इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात तापेल. जुने पार्ट परत मागा. गाडी आल्यावर पहिले ५०० किलोमीटर ओझं नाही, ओढाताण नाही, मग ऑइल बदला.

मिस्त्रीवर माझा राग नाही. बांधायचं काम पंधरा दिवसांचं, बारीक मापाचं, आणि त्यात चूक झाली तर बोल त्याला. इंजिन बदलणं सोपं, पैसाही बरा. त्याच्या सोयीचं त्यानं सांगितलं. आपल्या सोयीचं आपण विचारायला नको का? बैल थकला तर आधी दात, खूर, पोट बघायचो आपण, थेट बाजार नाही दाखवायचो. लोखंडाला तेवढा मान द्यायला काय जातंय!

ब्लॉक काल बोरिंगला टाकला. भाऊ अजून गाल फुगवून आहे. दिवे घाटात नेईन तेव्हा शेजारी त्यालाच बसवणार.

आणि हो, अंजिरावर तांबेरा दिसायला लागलाय. खालची पानं उलटी करून बघा. त्यावर उद्या लिहितो.